आधी श्रोता, मग व्यासपीठ

एखाद्या वाचनालयाने, महाराष्ट्र मंडळाने किंवा महाविद्यालयाने कार्यक्रम ठरवला की निर्णयांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी सभागृहाची तारीख मिळते, मग प्रमुख पाहुणे होकार देतात, मग अध्यक्ष कोण यावर चर्चा होते, फलकावर कोणाची छायाचित्रे घ्यायची ते ठरते, निमंत्रणपत्रिका छापायला जाते. कार्यक्रमाला दोन दिवस उरले की कोणीतरी विचारते, ‘माणसं किती येतील?’ हा प्रश्न शेवटी येतो, आणि आमच्या बहुतेक सांस्कृतिक कार्यक्रमांचे दुखणे या उशिरातच आहे. आता त्या प्रश्नाला आणखी एक शेपूट जोडले गेले आहे: ‘आणि ऑनलाइन लिंक द्यायची ना?’ लिंक दिली जाते, ट्रायपॉडवर एक मोबाइल उभा केला जातो आणि कार्यक्रम प्रत्यक्ष व आभासी अशा दोन्ही पद्धतींनी झाल्याचे अहवालात नोंदवले जाते. या पुस्तकाची मांडणी उलट्या क्रमाची आहे. श्रोता कोण, तो कुठे बसला आहे, त्याच्याकडे किती वेळ आहे आणि तो ऐकून काय करणार आहे, हे आधी ठरवावे; सभागृह, वक्ता, व्यासपीठ, कॅमेरा हे सारे त्यातून निघावे. हा क्रम पाळला की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. सभागृहातला श्रोता आणि पडद्यासमोरचा श्रोता यांच्यासाठी एकच कार्यक्रम पुरत नाही. विषय एक असेल, वक्ताही एक असेल, पण कार्यक्रम दोन असतात आणि त्यांचे नियोजनही दोनदा करावे लागते.

हा विचार परदेशी व्यवस्थापनशास्त्रातून आणण्याची गरज नाही, कारण श्रोत्यापासून रचना करण्याची शिस्त मराठी मुलखात जुनी आहे. नारदीय कीर्तन पाहावे. पूर्वरंगात एखादे पद घेऊन तत्त्वाचे निरूपण होते, उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून उभे राहते. अवघड भाग श्रोता ताजा असताना आणि गोष्टीचा भाग तो थकू लागल्यावर येतो, हा योगायोग नाही. दोहोंच्या मध्ये नामघोष होतो, बुवांना हार घातला जातो, बुक्का लावला जातो. म्हणजे सत्कार आहे, पण तो कीर्तनाच्या सुरुवातीला श्रोत्यांना ताटकळत ठेवून होत नाही. श्रोत्याला जिथे विसावा हवा असतो नेमक्या त्याच जागी तो बसवलेला आहे. शेवटी आरतीचे ताट फिरते आणि ज्याला जे द्यायचे ते तो देतो. वारकरी कीर्तनात तर मागे उभे असलेले टाळकरी आणि समोरचे श्रोते दर काही मिनिटांनी नामगजरात सामील होतात; तासाभराहून अधिक वेळ नुसते बसून ऐकण्याची सक्ती कोणावर नसते. वेळेचे चढउतार, सहभाग, मानसन्मान आणि खर्चाची तरतूद या चारही बाबी या रचनेत श्रोत्याच्या सोयीने लावल्या आहेत. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमालाही असाच विचार करते. सुट्ट्यांचे दिवस, ऊन उतरल्यावरची वेळ, रोज तीच जागा आणि रोज नवा विषय. श्रोत्याला लक्षात ठेवावे लागते ते फक्त स्थळ आणि वेळ. विषय त्या दिवशी कळला तरी चालतो. दीडशे वर्षे टिकलेल्या उपक्रमाच्या मुळाशी असलेली ही साधी सोय आजच्या संयोजकांनी नीट अभ्यासावी अशी आहे.

वेळेचाच मुद्दा आणखी थोडा पुढे नेतो, कारण ‘आपले लोक वेळेवर येत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक संयोजकाच्या तोंडी असते. तेच लोक नाटकाला वेळेवर येतात. तिसरी घंटा झाली की पडदा वर जाणार हे त्यांना ठाऊक असते. नाट्यगृहे सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांत दिली जातात, एक प्रयोग लांबला तर पुढच्याचा खोळंबा होतो, म्हणून नाटकवाल्यांना वेळ पाळावीच लागते. आणि ते पाळतात म्हणून प्रेक्षकही पाळतो. व्याख्यानाला तोच माणूस वीस मिनिटे उशिरा येतो, कारण पहिली वीस मिनिटे प्रास्ताविक आणि स्वागत चालते हे त्याने अनुभवाने ओळखलेले असते. शिस्त श्रोत्याच्या स्वभावात नसते असे म्हणणे चूक आहे. संयोजक त्याला जे शिकवतो ते तो शिकतो. वेळ बदलली की कार्यक्रमाचा आशयही कसा बदलतो, याचे मोठे उदाहरण सवाई गंधर्व महोत्सवाचे आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव एकेकाळी रात्रभर चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला मनाई केली, त्यानंतर मैफली दुपारकडे आणि संध्याकाळकडे सरकल्या. रात्रीच्या उत्तर प्रहरी गायच्या रागांची स्वाभाविक जागा त्यात गेली. दुसरीकडे, रात्र जागणे ज्यांना शक्य नव्हते अशांना महोत्सव खुला झाला. नियम योग्य की अयोग्य हा वाद इथे नाही. घड्याळ हे कार्यक्रमाचे वेष्टन नसून त्याचा गाभा आहे, एवढेच यातून घ्यायचे.

आता पडद्यासमोरच्या, म्हणजे दूरच्या श्रोत्याकडे येऊ. दूरचा श्रोता हा महासाथीने जन्माला घातलेला नवा प्राणी आहे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती खरी नाही. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, ५६ गीते श्रोत्यांपर्यंत पोहोचली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत यांच्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कार्यक्रमाचे नियोजन म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. दर आठवड्याला एक नवे गीत, ठरलेली सकाळची वेळ, आणि ज्याची वेळ चुकली त्याच्यासाठी त्याच आठवड्यात पुन्हा प्रसारण. वृत्तपत्रे गीताचे शब्द छापत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती मजकूरही असे. लोक रेडिओसमोर उदबत्ती लावून बसत, शेजारपाजारचे एका घरी जमत. आता बघा, आजच्या आभासी कार्यक्रमाला जे जे हवे असते ते सारे इथे आहे: छोटा अवधी, नेमकी वेळ, पुनःप्रसारण, सोबतचे साहित्य, आणि दूर बसलेल्या माणसांना आपापल्या गावात एकत्र येण्याचे निमित्त. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. रेडिओवर वेगवेगळ्या पात्रांची गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा वेगवेगळ्या गायकांनी गायिली, कारण डोळ्यांना काही दिसत नसताना पात्र ओळखू यायचे तर आवाज बदलायला हवा. हेच गीतरामायण मंचावर आले तेव्हा सुधीर फडके ते एकट्याने गात. समोर बसलेल्या श्रोत्याला आवाजांचे वैविध्य नव्हे, एका गायकाचा तासन्‌तास चाललेला संवाद बांधून ठेवत होता. शब्द तेच, चाली त्याच, पण माध्यम बदलताच रचना बदलली. रेडिओवरचा कार्यक्रम उचलून जसाच्या तसा मंचावर ठेवण्याचा मोह त्यांनी टाळला; आपण मंचावरचा कार्यक्रम उचलून जसाच्या तसा पडद्यावर ठेवतो.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि सगळ्या संस्थांना एकाच आठवड्यात पडद्याकडे वळावे लागले. त्या काळातले काही निर्णय फार विचारपूर्वक घेतले गेले. आषाढी वारीच्या पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. चालणे हाच जिचा प्राण, ती वारी पडद्यावर होऊ शकत नाही हे वारकरी संप्रदायाने मान्य केले आणि परंपरेचा धागा तेवढा राखला. सार्वजनिक गणेशमूर्तींना शासनाने चार फुटांची मर्यादा घातली. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा उपक्रम केला. आपल्या उत्सवातले काय दूरवर पोहोचवता येते, काय येत नाही आणि जे येत नाही त्याच्या जागी काय करता येईल, असे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले. व्याख्याने, परिसंवाद, काव्यवाचने यांच्याबाबतीत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. जे सभागृहात होत होते तेच झूमवर होऊ लागले, आणि सभागृहे उघडल्यावर झूमच्या जागी सभागृहाच्या कोपऱ्यातला कॅमेरा आला. अडचणीच्या काळात ही तडजोड समजण्यासारखी होती. आता ती सवय झाली आहे, आणि तिला आक्षेप घ्यायला हवा.

कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून काय दिसते ते एकदा बारकाईने पाहावे. सहाला सुरू व्हायचा कार्यक्रम सहा वीसला सुरू होतो. तोवर पडद्यावर रिकामी खुर्ची आणि मागचा फलक असतो. दीपप्रज्वलनाच्या वेळी समई छायाचित्रकारांच्या पाठीमागे झाकली जाते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ असे पाच-सहा सत्कार होतात. सभागृहातल्या माणसाला त्या वेळात ओळखीचे चेहरे दिसतात, तो शेजाऱ्याशी बोलतो, टाळ्या वाजवतो. समारंभाचा भाग म्हणून ते त्याला सुसह्य होते, कधी आवडतेही. पडद्यासमोरच्या माणसाकडे यातले काहीच नसते. त्याच्याकडे बोटाच्या अंतरावर दुसरा व्हिडिओ असतो. वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा आवाजाची अडचण सुरू होते, आणि प्रत्यक्षात हीच अडचण सर्वांत मोठी असते. चित्र अंधूक असले तरी माणूस ऐकत राहतो. आवाज घुमू लागला की पाच मिनिटांत उठतो. सभागृहातली ध्वनिव्यवस्था त्या खोलीपुरती लावलेली असते. कर्ण्यातून निघालेला आवाज भिंतींवरून परतत मोबाइलच्या माइकपर्यंत पोहोचतो, त्यात पंख्याचा आणि खोकल्याचा आवाज मिसळतो. त्यावरचा उपाय खर्चिक नाही. साउंडवाल्याला आधी सांगून मिक्सरमधून एक वेगळी लाइन प्रक्षेपणासाठी घ्यायची आणि हेडफोन लावून एका माणसाने ती कार्यक्रमभर ऐकत राहायचे. एक तार आणि एक माणूस, एवढीच ती तरतूद. ती होत नाही, कारण दूरचा श्रोता नियोजनाच्या बैठकीत कोणाच्या डोळ्यांसमोरच नसतो.

प्रतिसादाचे गणितही वेगळे आहे. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकाच वेळ जातो, असे त्यात आढळले. माणसांना एकमेकांच्या बोलण्याची इतकी सूक्ष्म चाहूल असते. थेट प्रक्षेपणात मात्र चित्र श्रोत्यापर्यंत पोहोचायला काही सेकंद, कधी अर्धे मिनिटही लागते. सभागृहात हशा उसळून ओसरतो, तेव्हा दूरच्या श्रोत्यापर्यंत विनोद पोहोचलेलाही नसतो. ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारून निवेदक दहा सेकंद थांबतो आणि आभारप्रदर्शनाकडे वळतो. ऑनलाइन श्रोत्याने प्रश्न लिहायला घेतला असतो तोवर पसायदान सुरू झालेले असते. संगीतात तर दोन ठिकाणच्या कलावंतांनी इंटरनेटवरून एका तालात गाणे-वाजवणे जवळपास अशक्य होते, आणि नामगजरासारखा सामूहिक प्रतिसाद पडद्यावर विस्कटतो. म्हणून आभासी कार्यक्रमात प्रश्न आधी मागवावे लागतात, किंवा पहिल्या दहा मिनिटांतच एखादा प्रश्न श्रोत्यांना विचारून त्यांची उत्तरे मधूनमधून वाचून दाखवावी लागतात. त्यासाठी दूरच्या श्रोत्यांचा असा एक वेगळा निवेदक हवा, जो त्यांची नावे घेईल, त्यांच्या वतीने वक्त्याला थांबवेल, लिंक तुटली तर त्यांना सांगेल. सभागृहाचा सूत्रसंचालक हे काम करू शकत नाही, कारण त्याचे लक्ष समोरच्या माणसांकडे असते आणि तिथेच असायला हवे.

आणि मग वेळ. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते आहे आणि त्याची द्वैवार्षिक अधिवेशने म्हणजे हजारो मैलांवरून माणसांनी ठरवून एकत्र येण्याचे सोहळे आहेत. २०२१ चे अधिवेशन महासाथीमुळे लांबले, तेव्हा ते पडद्यावर न उरकता २०२२ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीत प्रत्यक्ष भरवले गेले. याच मराठी माणसांना पुण्या-मुंबईतली व्याख्याने ऐकायची असतात. पुण्यात शनिवारी संध्याकाळी ६ वाजता कार्यक्रम ठेवला तर उन्हाळ्यात लंडनला दुपारचे दीड, न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तोच रात्री साडेआठला ठेवला तर दुबईत सात, लंडनला चार, न्यूयॉर्कला अकरा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. पडद्यासाठी साडेआठ ही उत्तम वेळ. पण पुण्यातल्या सत्तरीच्या श्रोत्याला साडेआठला घराबाहेर पडायला सांगणे शक्य नाही. त्याला सहाच हवेत, आणि सभागृहालाही सहाच सोयीचे. दोन्ही श्रोत्यांना एकाच घड्याळात बसवू गेलो की एकाला दुय्यम ठरवावेच लागते. शिवाय अमेरिकेतली घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासभर पुढेमागे होतात, आपली होत नाहीत. उन्हाळ्यातल्या पत्रिकेतून वेळा हिवाळ्यात उतरवून घेतल्या की तिथली माणसे एक तास चुकतात. एवढा तपशील पाहिला की ‘लिंक द्यायची ना?’ हा प्रश्न किती अपुरा आहे ते कळते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे आणि तो खरा आहे. लहान संस्थेत काम करणारी माणसे चार-पाच. एक कार्यक्रम पार पाडताना त्यांची दमछाक होते. दोन कार्यक्रमांचे पैसे आणि हात आणायचे कुठून? माझे उत्तर असे की दोन कार्यक्रम म्हणजे दुप्पट खर्च नव्हे. शनिवारी सहाला सभागृहात व्याख्यान व्हावे, चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित व्हावे, थेट प्रक्षेपण करूच नये. दोन दिवसांनी ते ध्वनिमुद्रण नोंदणी केलेल्यांना पाठवावे, सत्कार आणि प्रास्ताविक वगळून. त्यानंतरच्या शनिवारी रात्री साडेआठला त्याच वक्त्याशी अर्ध्या तासाचा ऑनलाइन संवाद ठेवावा, ज्यांनी ध्वनिमुद्रण ऐकले आहे त्यांच्या प्रश्नांवर. वक्ता घरी बसून बोलतो, प्रवासखर्च नाही, सभागृहाचे भाडे नाही. झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांत संपते, ही मर्यादाही इथे उपयोगाची ठरते. थेट प्रक्षेपणासाठी लागणारी यंत्रणा वाचते, ती धावपळ वाचते, आणि दूरच्या श्रोत्याला उरलेसुरले न मिळता त्याच्यासाठी केलेले काहीतरी मिळते. जिथे हेही शक्य नसेल तिथे ऑनलाइनचा आग्रह सोडून द्यावा. एका श्रोत्यासाठी नीट केलेला कार्यक्रम दोघांसाठी अर्धवट केलेल्या कार्यक्रमापेक्षा प्रामाणिक असतो, आणि असा नकार देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की घरबसल्या मिळू लागले तर सभागृहात येणार कोण? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर मोबाइलवरचा व्हिडिओ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, तेव्हापासून ही धास्ती वाढली आहे. व्याख्याने आणि मैफलींच्या बाबतीत ती मला अनाठायी वाटते. गीतरामायण आधी वर्षभर घराघरांत फुकट ऐकवले गेले आणि तरीही त्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांना पुढे अनेक वर्षे गर्दी होत राहिली. दूरच्या ऐकण्याने प्रत्यक्ष ऐकण्याची भूक वाढवली. पण हे सरसकट लागू होत नाही हेही सांगितले पाहिजे. तिकिटावर चालणाऱ्या नाटकाची गोष्ट निराळी आहे. प्रयोग हाच तिथे उपजीविकेचा मार्ग असतो आणि कथानक एकदा कळले की काही प्रेक्षक दुरावतातच. तिथे थेट प्रक्षेपण करू नये, असेच मी म्हणेन. वक्ता आणि कलावंत यांची संमती हा मुद्दा तर कोणत्याच कार्यक्रमात गौण नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायदा सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर हक्क देतो. सभागृहात बोलायला होकार देणे आणि ते बोलणे कायमचे इंटरनेटवर ठेवायला होकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या होकारासाठी वेगळे मानधनही द्यायला हवे. आमच्या संस्था या बाबतीत फार ढिलाई करतात. कवीला न विचारता त्याचे काव्यवाचन वर्षानुवर्षे यूट्यूबवर राहते, आणि तो विचारायला गेला तर त्यालाच संकोच वाटतो. हे थांबायला हवे.

देणगीदार आणि मान्यवर यांचे काय, असे कार्यकर्ते विचारतील. मांडवाचा खर्च ज्याने उचलला त्याला दोन शब्द बोलू द्यायला नकोत का? द्यायला हवेत. आपल्या सांस्कृतिक संस्थाजीवनाची इमारत अशा माणसांच्या औदार्यावर उभी आहे आणि त्यांच्याविषयी तुच्छता दाखवणे कृतघ्नपणाचे होईल. प्रश्न जागेचा आहे, आणि त्याचे उत्तर कीर्तनाने देऊन ठेवले आहे: मान मधल्या विसाव्यात, थोडक्यात, सर्वांच्या साक्षीने. व्याख्यान आधी, मग पाच मिनिटांचे आभार आणि सत्कार, मग प्रश्नोत्तरे, असा क्रम लावला तर देणगीदारालाही भरलेले सभागृह मिळते. सुरुवातीच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेल्या सत्कारापेक्षा ते त्याला अधिक आवडेल.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. श्रोत्यापासून सुरुवात करायची म्हणजे श्रोत्याला जे आवडते तेच द्यायचे का? मग अवघड विषयांचे, नव्या कवींचे, अप्रिय मतांचे काय होईल? ही शंका ज्यांना येते त्यांना कलेची आणि विचाराची काळजी आहे, म्हणून तिचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. विषय कोणता हे संस्थेच्या विवेकाने ठरावे. तिथे लोकप्रियतेचे मतदान नको. पण तो विषय ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोहोचावा ही जबाबदारीही संस्थेचीच आहे, आणि विषय जितका अवघड तितकी ती मोठी. कीर्तनकाराने पूर्वरंगात अद्वैत सांगायचे टाळले नाही. ते कळावे म्हणून उत्तररंग बांधला. श्रोत्याचा विचार करणे म्हणजे त्याची खुशामत नव्हे. उलट श्रोत्याचा विचार सोडला की आपण नकळत आपल्यासारख्यांसाठीच कार्यक्रम करू लागतो. १८७८ साली रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाला जागा नाही त्यांच्या सभेत आम्ही मिसळू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. संमेलनांविषयी मराठीत लिहिले गेलेले हे सर्वांत महत्त्वाचे पत्र आहे असे मी मानतो, कारण ते मंचावरून नव्हे, सभागृहाबाहेरून लिहिलेले आहे. निमंत्रणपत्रिका सर्वांना उद्देशून असली तरी मांडणी कोणासाठी आहे, हे बाहेर राहिलेल्याला आत बसलेल्यापेक्षा लवकर कळते.

आज बाहेर कोण राहते, हे प्रत्येक संस्थेने आपल्या गावापुरते शोधावे. मंचावर जायला पायऱ्याच असतील तर चाकाच्या खुर्चीतला वक्ता तुमच्या यादीतून आधीच वगळला गेला आहे; २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा येऊनही अनेक सभागृहांत उतार नाही. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ ज्या घरांत बायकांच्या स्वयंपाकाची असते तिथून त्या येणार नाहीत, आणि आल्या नाहीत की त्यांना रस नाही असा निष्कर्ष काढला जाईल. तालुक्याच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला शेवटची एसटी गाठायची असते. यांतल्या काहींसाठी पडदा हा खरोखर दरवाजा आहे, पर्याय नव्हे, आणि त्यासाठीच मला आभासी कार्यक्रमांविषयी आस्था आहे. पण तो दरवाजाही अडवता येतो: नोंदणीच्या अर्जात फोन, जन्मतारीख, पत्ता असे सारे मागून, आणि मग ते क्रमांक जाहिरातींच्या गटात टाकून. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. तो नसता तरी व्याख्यान ऐकायला आलेल्या माणसाचा फोन नंबर ही त्याने विश्वासाने दिलेली गोष्ट आहे.

पुढील प्रकरणांत सभागृहाची निवड, ध्वनी, प्रकाश, निवेदन, नोंदणी, परवाने, अंदाजपत्रक आणि अहवाल यांची माहिती आहे. ती क्रमाने वाचलीच पाहिजे असे नाही. ज्याला उद्या कार्यक्रम करायचा आहे त्याने ध्वनीचे प्रकरण आधी वाचावे. लग्नसमारंभ, राजकीय सभा आणि व्यापारी प्रदर्शने यांचा विचार इथे केलेला नाही, कारण त्यांचे हेतू निराळे आहेत. हे पुस्तक वाचनालये, मंडळे, शाळा-महाविद्यालये, नाट्य आणि संगीतसंस्था यांच्यातल्या त्या कार्यकर्त्यांसाठी आहे, जे खुर्च्या मांडतात, माइक तपासतात आणि सगळे गेल्यावर दिवे बंद करतात. त्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला देण्यापूर्वी, मागच्या कार्यक्रमाला जे येऊ शकले नाहीत अशा दहाजणांना फोन करा आणि का आला नाहीत असे न विचारता, केव्हा आणि कसे जमेल, असे विचारा. त्यांची उत्तरे लिहून घ्या, आणि तारीख, वेळ व जागा त्यानंतर ठरवा.